दहा लाख तीन

पहार विसरली म्हणून मी परत खाणीत शिरलो, एवढंच. भर दुपार होती, बाकीचे जेवायला वर गेले होते. ओरुरोच्या या डोंगरात कथिल खणण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे भीतीबिती काही नव्हती. पहार हाताला लागली आणि पाठीमागे छत कोसळलं.

दिवा विझला. सुरुंगाचा जुना धूर नाकात भरला आणि डोळ्यांवर झापड यायला लागली. अशा हवेत झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात कोकाच्या ताज्या पानांचा वास आला. माझी पानांची थैली तर वर राहिली होती.

"काय रे तेओ... एकटाच?"

आवाज फुल्हेन्सिओचा होता. माझा जोडीदार. मागच्या हिवाळ्यात याच बोगद्यात तो गाडला गेला होता.

आमचा एक खेळ असे. कामाआधी पानं चघळताना एकाने आकडा द्यायचा, दुसऱ्याने तो फोडायचा, म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून, बाकी न उरता त्याला भागणारा आकडा शोधायचा. फुटला, की देणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि त्याच्या थैलीतली पानं खायची. मी खादाड, त्याचे सगळे आकडे फोडायचो.

"दहा लाख तीन," तो म्हणाला. "फोड... आणि ये शेजारी."

"लेका, मेल्यावरही थैली लपवतोस?"

"आधी फोड तर..."

साताने भागलं, चार उरले. अकराने चार. तेराने चार. सदतीसने भागलं तरी चारच. अंगावर काटा आला. पानांचा वास जवळ सरकत होता आणि खरं सांगतो, त्याच्याशेजारी जाऊन बसायची मला फार ओढ लागली होती. हजारापर्यंत कुणी भागलं नाही, तर तो आकडा फुटत नाही, हे मला माहीत होतं. डोळा लागला की कानाशी आवाज यायचा, "झोपलास? चुकलास... पुन्हा भाग."

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी नऊशे सत्त्याण्णवने भागलं. बारा उरले.

"फुल्हे, हा फुटत नाही रे..."

"मग बसलायस कशाला? जा घरी."

आणि दगडांपलीकडून माणसांच्या हाका ऐकू आल्या.

वर उन्हात आणलं तेव्हा मला उमगलं आणि मी ढसाढसा रडलो. त्याने मुद्दाम न फुटणारा आकडा दिला होता. त्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. दर शुक्रवारी मी खाणीच्या तोंडाशी पानं ठेवतो आणि मोठ्याने त्याचे आभार मानतो. पोरं हसतात, हसोत.

गेल्या शुक्रवारी पानं ठेवून वळलो, तर आतून दगडावर ठोके आले. सवयीने मोजले. सहा. पुढे काहीच नाही.

सहा तर कुणालाही फुटतो, फुल्हे.

उत्तर मी अजून तोंडातून काढलेलं नाही. पण घरात ताज्या पानांचा वास येतोय, आणि माझी थैली रिकामी आहे.