टिपकागदावरचे ठिपके

संबलपूरला एप्रिलच्या दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र कुंतला मेहेर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. उद्या परीक्षा. आधी दोनदा नापास झालेली. ही शेवटची संधी. ती हुकली की कॉलेजातून नाव कमी, आणि गावी बरगढला विणकर बाप मागावरून उठून विचारणार, "आता काय गं?"

शेजारी तिच्यासोबत परीक्षेला बसणारी मैत्रीण इतिश्री पाण्यात आंबवलेला पखाळभात खात प्रश्न टाकत होती.

"लोह कमी पडलं तर?"

"लाल पेशी लहान. फिकट."

"बघून सांगतेस होय, लबाडे!"

कुंतला थबकली. आधी म्हटलं होतं, मग दिसलं. आणि स्लाइड तर निरोगी रक्ताची. पहिल्या वर्षी ज्याने त्याने आपल्याच बोटाला सुई टोचून केलेल्या, त्यातली तिचीच. रंगवताना शाई धुऊन जाते, म्हणून रक्ताच्या जाड टोकावर पेन्सिलीने कोरलेला तिचा नंबर अजून शाबूत होता.

"पुढचं विचार."

"सिकल?"

"पेशी विळ्यासारख्या."

ती पुन्हा वाकली. विळेच होते. जिकडेतिकडे.

"इति, तू बघ."

इतिश्रीने बघितलं. तिचा उष्टा हात हवेतच राहिला.

"स्लाइड बदललीस?"

"हातच लावला नाही."

"वाळलेलं रक्त आहे गं ते. मेलेलं. त्यात काय बदलणार?"

"तेच म्हणते मी."

इतिश्री हसायला गेली, जमलं नाही. "सोड. रक्ताचा कर्करोग घे. त्यात रक्त लवकर थांबत नाही, ते झालंय. कोवळ्या पांढऱ्या पेशीत काडीसारखं काय दिसतं? हे हमखास विचारतात."

उत्तर जिभेवर होतं. कुंतलाने ओठ मिटले.

"पाठ नाही?"

"पाठ आहे. म्हणणार नाही."

तिने स्लाइड डब्यात ठेवली आणि झाकण दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याला रक्त थांबण्याची वेळ मोजायचं काम आलं. आपल्याच बोटाला सुई टोचायची आणि दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद टेकवायचा, ठिपके लहान होत संपेपर्यंत. पहिला ठिपका वाटाण्याएवढा आला. दुसरा मसुरीएवढा. तिसरा मोहरीएवढा.

परीक्षक टेबलापाशी थांबले.

"रक्ताच्या कर्करोगात कोवळ्या पांढऱ्या पेशीत काडीसारखं काय दिसतं?"

तिने ओठ दातांखाली दाबले.

"येत नाही?" त्यांचं पेन कागदावर टेकलं.

कुंतलाला मागावरून उठणारा बाप दिसला.

"ऑअर रॉड, सर."

"शाब्बास! मग इतका वेळ काय तोंड शिवलं होतं? सुटलीस बघ."

ते पुढच्या टेबलाकडे वळले.

तिने कागद बोटाला टेकवला.

मसुरी.

पुन्हा टेकवला.

वाटाणा.

कागदावर जागा उरली नाही. शेजारच्या टेबलावरून इतिश्रीने तिच्याकडे न बघता आपला कोरा टिपकागद पुढे सरकवला.