पांढरी सहा

"भाभी, एक सांगू का? पोरीला मधीच उठवत जाऊ नका," जिन्यात चपला घालता घालता कीबोर्ड शिकवणारे परमेश्वर सर म्हणाले होते. "सूर तिकडं गेल्याला असतो. त्याला परत आणायचं, मंग हात उचलायचा. न्हाईतर राहून जातं."

"काय राहून जातं?" रितिकानं विचारलं खरं, पण तिचे कान खाली स्वयंपाकघराकडे होते. तवा तापला होता.

"सवय हो. हाताला परतीची वाट कळत न्हाई. मंग परीक्षेत तोंडावर आपटतंय."

"बरं बरं," ती म्हणाली आणि वर वळून तिनं हाक दिली, "कनु, चल लवकर! ऊन चाललं."

चातुर्मास सुरू होता. सूर्य बुडाला की त्या जैन घरात कुणी पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घेत नसे. सासूबाई, इचरजबाई, पाच वाजल्यापासून खिडकीतल्या उन्हाकडे बघत बसायच्या आणि ते समोरच्या भिंतीवर चढू लागलं की हाका सुरू व्हायच्या. आठ वर्षांच्या कनिकाचा सराव नेमका त्याच वेळेला. शाळेची रिक्षा उशिरा यायची आणि जाफराबादहून एसटीनं येणारे सर त्याहून उशिरा. त्यामुळं परीक्षेत वाजवायचा तो मोठा तुकडा कधी शेवटापर्यंत वाजलाच नव्हता. पोरगी मध्यावर पोचायची आणि रितिका तिला दंडाला धरून जेवायला न्यायची. फुलके गार होतात म्हणून.

जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्याला त्यांचं दुमजली घर. वरच्या खोलीच्या खिडकीतून सळयांच्या मिलचा धूर दिसायचा. रितिकाचा नवरा श्रेयांस बियाण्याच्या प्लांटवरून यायचा तेव्हा त्याच्या बाह्यांना बियाण्याला लावायच्या औषधाचा गुलाबी रंग असायचा. सगळं कसं धुऊन वाळत घातल्यासारखं रोजचं. रितिकानं एम.एस्सी. केलेलं. पोरीला अभ्यासात काही अडू नये म्हणून ती सर शिकवताना शेजारी बसून स्वतःही शिकायची. तिला काळजी करायला कारण लागत नाही, असं श्रेयांस चिडवायचा.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवसाचा धडा तिला जसाच्या तसा आठवतो.

"बोल कनिका," सर म्हणाले, "ह्या ओळीच्या सुरुवातीला की-सिग्नेचरची खूण कोणती?"

"काहीच नाही. कोरी."

"मंग पट्टी कोणती?"

"पांढरी एक. मेजर."

"आन् पांढरी सहा मायनर कुठं गेली? तिची बी कोरीच की. सात सूर तेच, बटणं तीच, खूण बी तीच. बिलकुल फरक न्हाई."

"मग ओळखायचं कसं?" रितिकानं विचारलं.

"सूर कुठं टेकतो ते ऐकायचं, भाभी. मेजर टेकते पांढरी एकवर, मायनर पांढरी सहावर. आन् मायनरमधी एक चोरटी खूण असते. सातवा सूर अर्धी पायरी वर चढवतेत, ही बघा, काळी चार. ती सुरुवातीला लिहिल्याली नसते. मधीच कुठंतरी दिसते. दिसली की समजायचं."

मग त्यांनी मॉड्युलेशन, म्हणजे मधेच पट्टी बदलणं, समजावलं. तुकडा पांढरी सहात सुरू होतो, मध्ये पांढरी एकमध्ये जातो आणि शेवटी परत येतो. जाताना एक कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन सूर, असा घ्यायचा, जो दोन्ही पट्ट्यांत चालतो. "त्याच्यावर उभं असलं की आपण अलीकडं का पलीकडं, कुणालाच सांगता येत न्हाई. उतरल्यावर कळतं."

कनिकानं जरा विचार केला. "सर, मग पलीकडच्यांना वाटत असेल की आपणच पलीकडचे."

"लई डोकं चालतंय!" सर मोठ्यानं हसले. "भाभी, हिला आमच्या बँजो पार्टीत घालू. लग्नाच्या तिथी काढून ठेवा."

सर बस गाठायला गेले. कनिका वाजवत राहिली. खालून इचरजबाईंचा आवाज आला, "अगं, सूर्य चालला! पोरगी उपाशी झोपेल, तुमचं ते पेंपें आवरा!" कनिकाची बोटं त्याच कॉर्डवर होती. रितिकानं दंड धरला आणि तिला उठवलं. स्टूल फरशीवर खरखरलं. एवढंच.

जेवताना कनिका गुणगुणायची, सवयच होती. त्या संध्याकाळीही गुणगुणली. पण ती थांबली तेव्हा रितिकाचा घास हातातच राहिला. गाणं संपलं नव्हतं. पोरीनं मात्र संपल्यासारखं पाणी प्यायलं, ताट सरळ केलं आणि म्हणाली, "कढी छान झाली होती. तुम्ही केली का?"

"तुम्ही?" श्रेयांस हसला. "बघ रितु, मोठी झाली तुझी लेक."

दुसऱ्या दिवशी पर्युषण लागलं. आठ दिवस गाणंबजावणं बंद. कीबोर्डवर चादर पडली. सरांनाही सुट्टी दिली.

त्या दिवसांत पोरगी इतकी शहाण्यासारखी वागली की इचरजबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या. सांगितलं तिथं बसायची. वाढलं तेवढं खायची. दुसरा फुलका कधी मागायची नाही. पलंगावर झोपण्याआधी चादर झटकून "मी इथं झोपू?" असं विचारायची. रितिकानं कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

"शाळेत काही झालं का गं, कनु?"

"नाही. सगळे चांगले आहेत." मग जरा थांबून, "तुम्हीपण चांगल्या आहात."

तिसऱ्या दिवशी रितिका तिला न्हाऊ घालत होती. केस वर घेतले आणि तिचा हात थांबला. डाव्या कानामागं टाक्यांचा व्रण होता. जुना, पांढरा पडलेला, बोटाच्या पेराएवढा.

हे केस ती रोज विंचरत होती. जन्मापासून.

"हे कधी लागलं?"

"पाळण्यावरून पडले होते ना. तुम्ही नव्हता तेव्हा. मम्मी होती."

पाणी वाहत राहिलं. रितिकानं नळ बंद केला तेव्हा बादली केव्हाची भरून सांडत होती.

तिनं श्रेयांसला व्रण दाखवला. तो आधी हसला, मग मोबाइलमधले जुने फोटो काढून बसला. वाढदिवसाचा, दोन शेंड्यांचा, कान मोकळे असलेला. एकही व्रण नाही. त्यानं मोबाइल पालथा ठेवला. "डॉक्टरांना दाखवू," म्हणाला. नंतर बराच वेळ गुलाबी बाही चोळत राहिला.

संवत्सरीच्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागितली. इचरजबाईंनी सुनेची, श्रेयांसनं आईची. पोरगीही रितिकासमोर आली आणि हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्. माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला असेल तर." मग आवाज उतरवून तिनं विचारलं, "मला घ्यायला कधी येतील?"

रितिकानं तिचे जोडलेले हात हातात घेतले. आणि तेवढ्यात वरच्या खोलीतून हाक आली.

"मम्मीऽऽ!"

हाक कनिकाची होती. 'म' वर किंचित थांबून 'मी' खाली सोडायची तिची लकब. फक्त आवाज नेहमीपेक्षा जरासा खालच्या सुरातला. समोर उभ्या पोरीचं तोंड मिटलेलं होतं.

रितिका जिना चढून गेली. खोलीत कुणी नव्हतं. कीबोर्डवर चादर तशीच होती. तिनं स्टुलाला हात लावला. ते कोमट होतं, नुकतं कुणी उठून गेल्यासारखं.

खाली आली तेव्हा पोरगी पायरीवर उभी होती. "तुमची आहे ना ती?" तिनं विचारलं. "मलापण ऐकू येते."

सर दुसऱ्या दिवशी आले. रितिकानं त्यांना दारातच सगळं सांगितलं. ते हसतील असं तिला वाटलं होतं, हसावेत अशी इच्छाही होती. सर हसले नाहीत. खिशातला रुमाल काढून त्यांनी मान पुसली.

"भाभी, मी आपलं हाताच्या सवयीसाठी म्हनलो होतो हो. आईशप्पत."

"पूर्ण वाजवून घेऊ आज. शेवटपर्यंत."

"आन् मांजी? त्या खालून हाका मारणार की."

"त्यांचं मी बघते."

चादर काढली. पोरगी स्टुलावर बसली. तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला.

"आज पूर्ण?"

"पूर्ण."

"मग मी जाऊ शकते?"

रितिकानं "हो" म्हटलं. त्या पोरीनं उठून तिच्या पायांना हात लावला आणि परत बसली. निघणाऱ्या पाहुणीसारखी.

सुरुवात नीट झाली. खालचे, जड सूर. खिडकीत ऊन भिंतीवर चढत होतं. जिन्यावर इचरजबाईंची पावलं वाजली. "सूनबाई, सूर्य! पोरगी उपाशी राहील ना गं!"

"राहू द्या, मम्मीजी. आज राहू द्या."

त्या दारातच थबकल्या. सुनेचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

तुकडा मध्यावर आला. तो कॉर्ड वाजला, दोन्हीकडं चालणारा.

आणि त्याच्या आतून दुसरा आवाज आला.

बाईचा आवाज. घाईतला, प्रेमळ, जरा वैतागलेला.

"कनु, चल लवकर! ऊन चाललं."

रितिकानं स्वतःचं तोंड हातानं दाबून धरलं होतं. आवाज तिचाच होता.

फरशीवर स्टूल खरखरलं. या खोलीतलं नव्हे. या खोलीतली पोरगी हललीही नव्हती.

"उठवू नको!" रितिका किंचाळली. "अगं, उठवू नको तिला! वाजवू दे!"

"भाभी, कुणाला—"

"कढी गार होतीय," तो आवाज म्हणाला, आधीपेक्षा दूर. एक दार लागलं.

पोरगी वाजवतच होती. तिला थांबवावं असं रितिकाला वाटलं. तिनं हात पुढं केलाही. पण ही पोरगीही कुणाचीतरी होती, तिचीही कुणीतरी वाट बघत असेल, आणि त्या एका विचारात क्षण गेला.

काळी चार वाजली. स्वच्छ.

मग शेवटचा कॉर्ड.

"आली परत," सर पुटपुटले.

स्टुलावर कुणी नव्हतं.

बटणं अजून खाली दबलेली होती. मग एकेक करून वर आली.

इचरजबाई कनुच्या नावानं हाका मारत जिना उतरल्या. सरांनी पलंगाखाली बघितलं, मग कपाटात, मग पुन्हा पलंगाखाली. पोलीस आले. गच्ची, हौद, शेजारचे प्लॉट, बसस्टँड, सगळं झालं. तिघांनी तेच सांगितलं आणि तिघांना तेच परत परत विचारलं गेलं. परमेश्वर सरांनी क्लास सोडला. जाफराबादेत त्यांच्या घरी फोन केला की त्यांची बायको उचलते. "झोपल्येत," म्हणते. कधीही केला तरी.

श्रेयांस रोज नवीन ठिकाणी शोधायला जातो. रितिका जात नाही. ती वरच्या खोलीत बसून दोन्ही हातांनी तो तुकडा वाजवते. शिकली होती ती, पोरीसोबत. नीट जाते, नीट परत येते. तिच्याकडून काही चुकत नाही. चुकत असेल ते पलीकडं; तिथंही कनुला मध्यावरच उठवलं, आता ती आणखी कुठल्या तिसऱ्याच घरात असेल. आणि पलीकडं रितिकाला जाता येत नाही. जिथं रितिका आधीच आहे तिथं तिला कोण घेणार?

म्हणून तिची ही विनंती, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला.

तुम्ही आहात तिथंही जालना असणार. एमआयडीसीचा रस्ता असणार, मिलचा धूर असणार, गुलाबी बाह्यांचा माणूस संध्याकाळी घरी येत असणार. आपण कोणत्या पट्टीत आहोत हे आत राहून कुणालाच कळत नाही. तुम्हालाही कळणार नाही. तेव्हा एकदा त्या दुमजली घरी जाऊन या. कशाचंही निमित्त काढा. दार उघडेल त्या बाईवर रागावू नका. ती चांगलीच आहे, तिला माहीत नाही. आत एक आठ वर्षांची मुलगी असेल. सगळे तिचं कौतुक करत असतील, किती शहाणी झाली म्हणून. केस वर घेऊन डाव्या कानामागं बघा. तिथं व्रण नसेल.

तिला काही विचारू नका, घाबरेल. फक्त जेवणाच्या वेळेपर्यंत थांबा, आणि ती पोटभर जेवते का ते बघा. परक्या घरी माझी कनु मागून घेत नाही.