दोन बोटांची जागा

जूनचा, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याचा गारठा, त्यात बर्फाची भुरभुर. डोंगरातल्या सेमोंकाँग गावच्या लॉजबाहेर दिनेओ घोड्यांवरून फिरायला निघालेल्या पाहुण्यांना हेल्मेटं घालून देत होती. रांगेच्या शेवटी घोंगडी पांघरलेला, गवती टोपीतला एक उंच तरुण उभा राहिला. राजधानीतला कुणी हौशी असेल, असं समजून तिनं त्याची टोपी काढली आणि हेल्मेट चढवलं. भुवयांवर दोन बोटं जागा, कानांखाली पट्ट्या, हनुवटीशी बंद घट्ट.

"मान हलवा." कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली. माप बरोबर होतं.

"मी पाहुणा नाही हो, नवा वाटाड्या. सेआबाता," तो म्हणाला. "पण तपासा अजून... बोटं उबदार आहेत तुमची."

दिनेओ कानापर्यंत लाल झाली. पाहुणे घोड्यांवर बसायला वळले तोच सेआबातानं हेल्मेट काढून खुंटीला टांगलं. म्हणे, डोक्यावर भांडं घातलं की घोड्याला कळतं, स्वाराचा आपल्यावर भरवसा नाही!

रोज हेच. ती बोलायची, तो तिला मास्तरीणबाई म्हणून चिडवायचा, आणि तो दिसला नाही की तिचाच जीव खालीवर व्हायचा. या मनाला काय म्हणावं?

एका पावसाळी दुपारी तबेल्यात तिनं सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ मोएकेत्सी खिंडीच्या उतारावर घोड्यावरून पडला. टोपी तेवढी धड सापडली. तेव्हापासून त्याच्याच घोड्यावरून, पुत्स्वावरून, ती चढावर बसून जायची आणि उतारावर पायी यायची.

सेआबाता म्हणाला, "माझे वडील खाणीत वारले. त्यांचं हेल्मेट घरी आलं, साधा ओरखडा नव्हता त्यावर... कशाच्या जोरावर घालू मी, सांग ना?"

दोघं पागोळ्या बघत बसले.

निघताना तो म्हणाला, पुत्स्वाला वाट ठाऊक आहे. तू लगाम ओढून धरतेस, म्हणून तो बिचकतो. दिनेओ म्हणाली, "मी उतारावरही बसेन, लगाम सैल सोडीन. तू डोकं झाकशील त्या दिवशी. दुसऱ्यांदा कुणाला दाराच्या फळीवर घालून आणलेलं बघायची ताकद नाही माझ्यात."

पुढच्या आठवड्यात तो हेल्मेट घालून आला — वरून सुरेख गवताची वीण, शेंड्याला गाठ, थेट टोपीच! त्याची आई टोप्या विणायची. दिनेओला हसू आलं, हात लावला आणि ते मावळलं. वीण पक्की बसावी म्हणून म्हातारीनं तापवलेल्या दाभणानं हेल्मेटला आरपार भोकं पाडली होती. अकरा.

"हे फुकट गेलं," ती पुटपुटली. "भोकं पडलेलं हेल्मेट काय वाचवणार?"

त्याचा चेहरा पडला. "वडील गेल्यापासून आईनं हेल्मेटला हात लावला नव्हता. तुझ्यासाठी म्हटलं तेव्हा विणलं... रडत रडत."

तिनं खुंटीवरचं धड हेल्मेट काढलं, त्याला घातलं, दोन बोटं ठेवून बघितली. या वेळी त्यानं ते काढलं नाही.

ठरल्याप्रमाणे दोघं घोड्यांवरून निघाले तेव्हा खिंडीच्या माथ्यावर धुकं दाटलं होतं. भाऊ पडला तो खडक जवळ येताच तिला रडू फुटलं, पण ती उतरली नाही. लगाम सैल सोडला. पुत्स्वा एकेक पाऊल चाचपत खाली गेला, मागून सेआबाता हळू आवाजात बोलत राहिला, आणि ओढा आला तेव्हा दोघं भिजून चिंब होते.

"आता आईच्या त्या टोपीचं काय करू?" त्यानं विचारलं.

"ठेव जपून. आमच्या बाबांकडे रीतीची गुरं घेऊन मागणी घालायला येशील ना, त्या दिवशी घाल." तिनं डोळे पुसले. "आणि घोड्यावरून नको... चालत ये."