शेवटची दहा मिनिटं

“सुरुवात नको... शेवट दाखवा.”

डिस्क प्लेअरमध्ये सरकवता सरकवता माझा हात थांबला. कियापो बाजारातल्या आमच्या गल्लीत डीव्हीडी लावून दाखवल्याशिवाय कुणी विकत नाही आणि कुणी घेतही नाही. पण दाखवायची ती पहिली पाच मिनिटं. चित्र हललं, आवाज आला, की डिस्क पिशवीत. गेलं वर्षभर मी हा गाळा चालवते, त्याआधी वीस वर्षं माझे वडील, माझे तातय, चालवत होते. पण शेवट मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होते.

“शेवट बघितल्यावर विकत काय घेणार मग?” मी विचारलं.

“शेवट बरा निघाला तर सुरुवातही बघेन की.”

हे तो अगदी गंभीरपणे बोलला. माझ्याच वयाचा असेल. उंच, चष्मेवाला, आणि शर्टाच्या बाह्यांवर कसलीशी पांढरी पूड. नखांतही तीच. मी शेवट लावला. तो वाकून, डोळे बारीक करून, मागचीपुढची सगळी माणसं न्याहाळत राहिला. नायक-नायिकेकडे त्याचं लक्षच नव्हतं! ‘समाप्त’ची पाटी आली तशी त्याने मान हलवली, आभार मानले आणि काहीच न घेता निघून गेला.

शेजारच्या गाळ्यात तिता चारिंग, सगळ्या गल्लीची मावशी, मेणबत्त्या विकते. तिने ओठांचा चंबू करून तो गेला त्या दिशेला दाखवलं.

“सरकारी माणूस गं निंग. परवाने तपासायला आलाय. तुझा आहे ना नवा?”

“आहे. पण सरकारी माणूस शेवट कशाला बघेल?”

“त्यांना सुरुवातीपासून काही बघायची सवयच नसते.”

मी हसले खरी, पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पुढच्या शनिवारी तीन वाजता तो पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही शनिवारी. नाव जोमार, एवढं एकदा कळलं. दर वेळी बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचा कुठला तरी सिनेमा काढायचा, शेवट बघायचा, मान हलवायची. तिसऱ्या शनिवारी तो कागदात गुंडाळलेले दोन गरम तुरोन, पाकातले तळलेले केळ्याचे रोल, घेऊन आला आणि एक माझ्यापुढे ठेवला. साखरेचा पाक अजून चकाकत होता.

“हे कशाबद्दल?” मी हातही लावला नाही.

“केळं आहे. लाच नाही.”

“लाच देणाराही हेच म्हणेल.”

“मग मी अर्धा आधी खातो. विष असलं तर मी आधी जाईन.”

त्याने खरंच अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा माझ्याकडे सरकवला. मी... खाल्ला. आता सांगायला काय हरकत आहे, त्या पाकाची चव संध्याकाळपर्यंत ओठांवर राहिली, आणि मी ती पुसली नाही.

“तुमच्या फोनमध्ये सिनेमे नाहीत वाटतं?” मी बोट चाटत विचारलं.

त्याने नुसत्या भुवया उंचावल्या. आमच्याकडे ‘हो’ म्हणायला तोंड उघडावं लागत नाही, पण या माणसाच्या भुवया जरा जास्तच वर जात.

“किती?”

“वर्गणी भरतो, त्यामुळे हजारो. शिवाय काही पैसे मोजून कायमचे घेतलेत.”

“कायमचे? ठेवता कुठे?”

“ठेवायला कशाला लागतात? बोट लावलं की दिसतात.”

“म्हणजे दुसऱ्याच्या घरात ठेवलेत आणि त्याने दार उघडलं तर दिसतात. याला आम्ही विकत घेणं म्हणत नाही.”

“आणि तुमच्या या प्लास्टिकच्या थाळ्यांवर धूळ बसते, ओरखडे पडतात, उंदीर कव्हर खातात. माझ्या सिनेमांना उंदीर लागत नाहीत, मिस निंग.”

“तुमच्या सिनेमांना मोठे उंदीर लागतात.”

तेव्हा तो पहिल्यांदा मोकळा हसला. चष्म्यामागचे डोळे पार मिटले. मी घाईघाईने डिस्का पुसायला घेतल्या. हसणाऱ्या माणसांचा मला अनुभव होता. तातय असताना असाच एक हसतमुख माणूस यायचा. जुने सिनेमे संगणकात उतरवून जपून ठेवतो म्हणाला, आणि तातयच्या स्वतःच्या संग्रहातल्या साठ डिस्का घेऊन गेला. पुन्हा फिरकला नाही. तातय शेवटच्या आजारातही विचारायचे, “आला होता का गं तो?” उरलेल्या तीस-पस्तीस मी खालच्या फळीवर लाल फीत बांधून ठेवल्या होत्या. विकायच्या नाहीत. कुणाच्या हातातही द्यायच्या नाहीत.

आणि पाचव्या शनिवारी जोमारचा हात नेमका त्या लाल फितीकडे गेला.

“त्याला हात लावायचा नाही!” मी इतक्या जोरात ओरडले, की तिता चारिंगच्या हातून मेणबत्ती पडली. “कोण आहात तुम्ही? खरं सांगा. पाच आठवडे येताय, एक डिस्क घेतली नाहीत. हुडकताय तरी काय?”

त्याने हात मागे घेतला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“माझ्या वडिलांना,” तो म्हणाला.

मग स्टुलावर बसून, माझ्याकडे न बघता, त्याने सांगितलं. वडील जीपनी, सवारीची लांबडी जीप, चालवायचे. तो लहान असताना कुठल्याशा सिनेमावाल्यांनी त्यांची जीपनी एका दिवसासाठी घेतली, चालवायला त्यांनाच बसवलं. “सिनेमाच्या शेवटी मी आहे,” असं ते जन्मभर सांगत राहिले, पण नाव काही आठवेना. घरातली सगळी त्यांची टिंगल करायची. मार्चमध्ये ते गेले. घरात फोटो दोनच, आणि दोन्हींत डोळे मिटलेले.

“आमची आई, नानय, म्हणते, हलताना एकदा बघायचंय त्याला. एकदाच... त्या वर्षांतले जे जे फोनवर मिळाले ते सगळे बघितले. एक तर वाटलं हाच, गल्ली आमचीच होती. विकतही घेतला. पण तो संपतो चर्चच्या दारात. फुलं उडतात, नवरानवरी हसतात, संपलं. जीपनी नाहीच.”

मी स्टुलाजवळ आले.

“नवरीच्या हातात पिवळी फुलं?”

भुवया वर.

“आणि नवऱ्याची टोपी वाऱ्याने उडते?”

“हो. तुम्हाला कसं...”

“तो चर्चच्या दारात संपत नाही,” मी म्हणाले. “त्यानंतर गाणं आहे. अख्खं गाणं. तातय ते गुणगुणायचे. कुठल्या तरी गाण्याचे हक्क संपले म्हणून फोनवर शेवटची दहा मिनिटं कापतात, असं मी ऐकलं होतं. याचंही तसंच झालं असणार.”

“पण मी तो विकत घेतलाय!” तो उभाच राहिला. “मला न सांगता कापला?”

या वादात मी जिंकले होते, पण त्याचा चेहरा बघून जिंकल्याचा आनंद काही होईना.

मी लाल फितीकडे बघत राहिले. पाल पुन्हा चुकचुकली. किती बेतशीर गोष्ट... मेलेला बाप, वाट बघणारी आई. त्या हसतमुख माणसाचीही आजारी आईच होती. पण डोळे मिटलेले दोन फोटो? असं खोटं कुणाला सुचेल?

फीत सोडली. त्या सिनेमाची डिस्क त्यातच होती. डिस्क लावली. चर्च, पिवळी फुलं, उडालेली टोपी, गाण्याचे पहिले सूर... आणि चित्र गोठलं. चौकोन चौकोन झाले. पुढे सरकेचना.

“नाही, नाही, नाही,” तो पुटपुटला.

माझीच चूक. पहिली पाच मिनिटं तपासून आम्ही डिस्क चांगली ठरवतो, आणि सिनेमाचा शेवट असतो डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे प्रत्येकाची बोटं लागतात. घरच्या डिस्कचाही शेवट मी कधी तपासला नव्हता.

जोमारने डिस्क मागितली. मी दिली. दोन बोटांत अलगद, कडेने धरून त्याने ती उजेडात तिरकी केली. डिस्क इतक्या हळुवारपणे धरताना मी फक्त तातयना पाहिलं होतं.

“ओरखडा वरवरचा आहे. घासून निघेल. मी पातेर्नोच्या गल्लीत चष्म्याची भिंगं घासतो. आमच्याकडे बारीक पूड असते, मशीन असतं. मला एक आठवडा द्या.”

म्हणजे ती पांढरी पूड. म्हणजे सरकारी माणूस नव्हता. पण म्हणजे... डिस्क न्यायची. गाळ्याबाहेर.

“नाही.”

“मिस निंग...”

“माझ्या वडिलांकडूनही एकजण असाच घेऊन गेला होता.”

त्याने वाद घातला नाही. डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि माझ्या हातात ठेवला. काड्या अजून गरम होत्या.

“हा ठेवून घ्या. डिस्क आणेन तेव्हा परत द्या.”

“आणि तुम्ही घरी कसे जाणार?”

“ठेचकाळत.”

चष्म्याशिवाय त्याचे डोळे मोठे आणि अगदी उघडे दिसत होते. मी भुलले. सरळ सांगते, भुलले. डिस्क कव्हरात घालून दिली. जाताना तो खरोखरच तिता चारिंगच्या टेबलाला धडकला.

तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाला आणि तिता चारिंगने विचारलं, “काय ठेवून घेतलंस?”

“चष्मा.”

“कुठे काम करतो म्हणाला?”

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाचा चष्मा मी तारण म्हणून ठेवून घेतला होता! तिता चारिंग इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. दिली तुझ्या हातावर तुरी, म्हणाली.

तो आठवडा वैऱ्यावरही येऊ नये. बुधवारी मी पातेर्नोच्या गल्लीत गेले. दुतर्फा चष्म्याचीच दुकानं, आणि मी दुकानाचं नाव विचारलंच नव्हतं. एका काचेसमोर उभी राहून मी त्याचा चष्मा डोळ्यांवर चढवून पाहिला. सगळं जग धूसर झालं. खरा नंबर होता, आणि मोठा होता. एवढं एकच खरं माझ्या हाताशी होतं. डिस्क गेली तर तातयना काय तोंड दाखवू, असं मनाशी म्हणत परतले. पण खोटं कशाला बोलू? वाट बघत होते ती काही नुसत्या डिस्कची नव्हती. आणि डिस्क मिळालेला माणूस पुन्हा कशाला येईल, ही शंका सगळ्यात जास्त कुरतडत होती.

शनिवार. तीन वाजले. साडेतीन. चार. मी चष्मा तिसऱ्यांदा पुसला. तिता चारिंग हसायची थांबली होती, ते जास्तच वाईट.

सव्वाचारला तो आला. डोळ्यांवर एका बाजूला वाकलेला, शाळकरी वयातला चष्मा. एका हातात पिशवी आणि दुसरा हात एका बुटक्या बाईच्या कोपराखाली.

“उशीर झाला. नानयला जिना उतरायला वेळ लागतो,” तो म्हणाला. “आणि... आम्ही अजून बघितलेली नाही. आधी तुमच्यासमोर बघायची होती.”

मी स्टूल पुसलं, बाईंना बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला, आणि डिस्क लावली. सरळ शेवट.

चर्च. फुलं. टोपी. गाणं सुरू झालं... आणि चालू राहिलं. फुलांनी सजवलेली जीपनी आली. नवरी आत चढली, पुढे वाकून चालकाला म्हणाली, “मानोंग, निघायचं?” आणि आरशात एक सडपातळ तरुण दिसला. बोलला काहीच नाही. फक्त भुवया उंचावल्या, जरा जास्तच वर, आणि गिअर टाकला.

“हाच!” बाई ओरडल्या. “हाच तो मेला! लग्न करायचं ना, म्हणून मीच विचारलं होतं. तेव्हाही शब्द फुटला नाही तोंडातून. हेच केलं. हेच!” आणि हातरुमालाचा बोळा तोंडावर धरून त्या हसत रडू लागल्या.

आम्ही ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. नवव्या वेळी तिता चारिंगही मेणबत्त्या सोडून मागे उभी होती.

मी डिस्क काढली, कव्हरात घातली आणि नानयच्या हातात दिली. लाल फीत सुटल्याचं मला वाईट वाटलं नाही. तातयनी हेच केलं असतं.

“पण बाळ, आमच्याकडे ती लावायचं यंत्र कुठंय?” नानय म्हणाल्या.

“यंत्र नाही?” मी जोमारकडे वळले. “पाच आठवडे डिस्क हुडकतोस आणि घरी प्लेअर नाही तुझ्याकडे?”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, मला कळलंच नाही. त्याला कळलं. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल.

“घेऊ की,” तो म्हणाला. “ते काय, फळीवर तीन ठेवलेत. जुने, विकायचे.”

मी वळून फळीकडे पाहिलं. तिन्हींवर किमतीच्या चिठ्ठ्या होत्या. मी एकेक चिठ्ठी शांतपणे उलटी केली.

“बिघडलेत.”

“तिन्ही?”

“तिन्ही.”

“आणि हा, आत्ता चालला तो?”

“तो माझा आहे.”

त्याने वाकडा चष्मा नाकावर सारखा केला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. “मला... संशय येतोय, निंग.”

“येऊ दे. पाच आठवडे मला येत होता.”

“मला इथंच बरं वाटतं बाई,” नानय मध्येच म्हणाल्या. “पंखा आहे.” आणि तिता चारिंगला मेणबत्त्यांचा भाव विचारायला उठल्यासुद्धा.

मी त्याचा खरा चष्मा खिशातून काढला, काड्या उघडल्या आणि माझ्या हाताने त्याच्या डोळ्यांवर बसवला. आता त्याला सगळं नीट दिसणार होतं, पळायला जागा नव्हती.

“म्हणजे मग,” तो हळूच म्हणाला, “मी दर शनिवारी यायचं?”

मी तोंड उघडलं नाही. भुवया उंचावल्या. जरा जास्तच वर.