डेस्कटॉपवर एकच फाइल

कोरेगावच्या चौकात सकाळी सकाळी फ्लेक्स झळकला. रेश्माचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

रेश्मा जिवंत होती. घरच्यांना न विचारता लग्न करून सांगलीला राहायला गेली होती, एवढंच.

दुकानं उघडली तशी फ्लेक्सवाल्या अजहरला लोकांनी बाहेर ओढलं. रेश्माच्या वडलांनी, नानासोंनी, त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली. भर चौकात, सगळे बघत असताना.

दुसऱ्या दिवशी त्याची आई जरिना साताऱ्याला आली, डिटेक्टिव्ह संयोगिताच्या ऑफिसात.

"दवाखान्यातनं सुट्टी मिळाली की पोलीस उचलणार त्याला. त्यानं केलं न्हाई ताई."

संयोगिताचा मदतनीस केरबा फौजेतनं रिटायर झालेला. तो म्हणाला, "आवं, पण त्या फ्लेक्सची फाइल त्याच्याच कॉम्प्युटरवर घावली म्हनं."

"केरबादादा, गाडी काढा."

दवाखान्यात अजहर खाटेवर पडून होता, हात प्लास्टरमध्ये. "रेश्माच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही केली. त्याचा राग हाय तिच्या घरच्यांना."

"कॉम्प्युटरवर काम कसं करतोस ते सांग."

"लिनक्स हाय. पण डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतंय. म्हणून लिनक्सच्या पोटात व्हर्च्युअल मशीन केलंय, म्हंजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, त्यात विंडोज. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधनं लय व्हायरस येतात. मंग रोज दुकान उघडलं की ती विंडोज जुन्या साफ स्नॅपशॉटवर न्यायची, म्हंजे पयल्यांदा जतन केलेल्या कोऱ्या रूपावर. ठेवायचं ते बाहेर, लिनक्सच्या फोल्डरात."

"त्या दिवशी नेलीस?"

"व्हय. मंगच ती माणसं आली."

अजहर कामाला होता त्या दुकानाचा मालक साईराज वैतागलेला. "लालासाहेबांच्या वाढदिवसाचं डिझाइन डेस्कटॉपवर ठेवून घरी गेलो, सकाळी गायब. अजहरला शिव्या घालतोय तवर ही गर्दी."

"मग तुम्ही?"

"त्याला घेऊन दवाखान्यात पळालो. दुकानात जयराज थांबला, रेश्माचा भाऊ. मी परत येईस्तोवर एकटाच."

फाइल सापडल्यापासून पोलिसांनी कॉम्प्युटरला कुणाला हात लावू दिला नव्हता. विंडोजच्या डेस्कटॉपवर एकच फाइल. श्रद्धांजलीची. तारीख फ्लेक्स लागला त्याच्या आदल्या रात्रीची.

केरबानं मान हलवली. "संपलं की मॅडम. पोरगं अडाकतंय."

जयराज घराच्या ओट्यावर बसला होता, मोबाईल बघत.

"मीच हुडकली. उघड्यावर हुती, डेस्कटॉपवर. तारीख बघा की. अजून काय पायजे तुमाला?"

"दुसरं काही नव्हतं डेस्कटॉपवर?"

"मी कशाला बघू?"

दुसऱ्या दिवशी संयोगितानं सगळ्यांना पोलीस ठाण्यात बसवलं.

"फ्लेक्स उजाडताना टांगलेला होता," ती म्हणाली. "म्हणजे फाइल त्याआधीची. अजहरनं दुकान उघडून विंडोज मागं नेली. साईराजचं डिझाइन त्यातच पुसलं गेलं. मग त्याच डेस्कटॉपवरची ही फाइल पुसण्यातनं कशी वाचली?"

केरबा पुटपुटला, "वाचायलाच न्हाई पायजे."

"वाचली नाही. नंतर आणून ठेवली. पेनड्राइव्हमधनं कॉपी केली की जुनी तारीख तशीच राहते. अजहर आणि साईराज दवाखान्यात. दुकानात एकटा जयराज. सगळीकडं ठेवतात तशी डेस्कटॉपवर ठेवली. हितं डेस्कटॉप रोज सकाळी साफ होतो, हे त्याला कुठलं माहीत?"

जयराज बापाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "फ्लेक्स सांगलीत छापला. माझ्यालेखी ती मेलीच हाय."

जरिना नानासोंकडं वळली. "आवं, तुमच्याच पोरानं केलं. तुमाला ठावं नव्हतं. नायतर माझ्या लेकराची बोटं..."

"ठावं हुतं की," नानासो म्हणाले. आवाज शांत. "फ्लेक्स मला दाखवूनच लावला. त्याच हातानं लग्नाला सही केली हुती न्हवं त्यानं?"

हवालदारानं अजहरचा कागद बाजूला सारला. "चला मावशी, तुमचं पोरगं सुटलं. घरी न्या त्याला."

जरिना उठली नाही. खुर्ची ओढून टेबलाशी सरकली.

"डॉक्टर म्हनले दोन बोटं आता वळायची न्हाईत. नानासोंनी आत्ता जे सांगितलं ते लिवून घ्या. मी बसलीय."