खुणेच्या दगडाजवळची खेकडी

हा इवलासा खेकडा कोकणात इतक्या दक्षिणेला राहतच नाही, असं सगळे जाणकार म्हणत. सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या उमाला तो राहतो हे दाखवायचं होतं. त्यासाठी एक तरी जिवंत हाती लागायला हवा होता. "कृष्णाकाठच्यांनी समुद्रात कशाला कडमडावं?" मुंबईचे एक साहेब तोंडावर म्हणाले होते. १९९४च्या हिवाळ्यात ती घाट उतरून कोकणात आली. सोबतीला प्रयोगशाळेतले दादासो, मूळचे दुष्काळी माण तालुक्यातल्या म्हसवडचे.

ओहोटीला दोघं घोटाभर पाण्यातून कातळावर पोचली. कातळाला चिकटलेल्या कालवांच्या धारेनं तळवे फाटले. वारा डोळ्यांत मीठ फेकत होता. उमानं समुद्राच्या कडेला एक दगड ठेवला, पुरात कृष्णेच्या घाटावर ठेवतात तसा. पाणी त्याला टेकलं की निघायचं.

"आमच्या माणात पानी नसतंय," दादासो पुटपुटले, "पर ते फसवत तरी न्हाई."

आणि कपारीत ती खेकडी दिसली! नखाएवढी, शेवाळी, पाठीवर पांढरी रेघ, नांग्यांवर मऊ लव. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस कवटाळून बसलेली. उमानं तिला अलगद उचललं आणि समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या, कुपवाडच्या कारखान्यातून आणलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये सोडलं.

"बाई, आपली वाट कुठं गेली?"

उमानं दगडाकडे पाहिलं. कोरडा. मग वळली. भरती मागून शिरली होती! किनारा आणि कातळ यांमधली घळ पुरुषभर भरली होती.

"मला पवायला येत न्हाई."

"कधीच शिकला नाहीत?"

"शिकायला पानी लागतंय, बाई."

लाट आदळली. जाळी गेली. बरण्या गेल्या. उरला कॅन. सांगलीची पोरं पोहायला शिकताना पाठीला डबा बांधून कृष्णेत उतरतात, पण रिकामा डबा. उमानं झाकण उघडलं. खेकडी मुठीत धरून पोहता येणार नव्हतं. क्षणभर तिनं त्या अंड्यांकडे पाहिलं, मग कॅन कपारीवर उपडा केला. झाकण घट्ट लावून ओढणीनं तो दादासोंच्या पाठीला करकचून बांधला.

"पाय मारा. माझा गळा धरायचा नाही."

पाणी खेचत होतं. एकदा दोघं बुडाली. कॅननं दादासोंना वर काढलं. उमानं त्यांची कॉलर सोडली नाही. अखेर पायांना वाळू लागली!

खुणेचा दगड बुडाला होता. दादासो खोकत म्हणाले, "लेकुरवाळी हुती न्हवं? मग हितं आनिक असतील."

"असतील. पुढच्या ओहोटीला."

"डबा सोडू का?"

"राहू द्या," उमा म्हणाली. "आमच्याकडे पहिल्या दिवशी कुणाचा सोडत नाहीत."