चढावरच तापणारी गाडी

चढ अर्धा झाला आणि बॉनेटखालून वाफ उसळली. बाईंनी गाडी कडेला घेतली. सलग तिसऱ्या रविवारी तिने दगा दिला होता.

वर, वेगळ्या झालेल्या नवऱ्याच्या घरी, त्यांचा मुलगा डोळे लावून बसला असेल. तो कोणाकडे राहणार हे कोर्ट ठरवणार होतं, आणि भेटी चुकवणाऱ्या आईची बाजू तिथे कोण ऐकणार?

गाडी जुनी, वडिलांच्या माघारी आईने वर्षानुवर्षं चालवलेली. गुडघे दुखायला लागल्यावर तिने किल्ली लेकीला दिली. दुसरी घरातच खुंटीवर असे; बाईंचा धाकटा भाऊ कधीमधी गाडी नेई. पहिल्या रविवारी निघताना आईनेच डिकीत पाण्याचा कॅन ठेवला होता. इंजिन निवल्यावर आजही तोच कामी आला, पण फक्त उतारावरून घरी परतण्यापुरता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात मिस्त्रीने हात टेकले. गळती नव्हती. पंखा फिरत होता. पंपाने दाब भरला, तरी मीटरचा काटा खाली उतरत नव्हता.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी वाकून पाहिलं. बॉनेटच्या आतून, रेडिएटरच्या तोंडाच्या बरोबर वर, हिरवट शिंतोडे वाळले होते.

"पंप कुठे लावता?"

"रेडिएटरच्या तोंडावर. झाकण काढून."

"म्हणजे झाकण सोडून सगळं तपासलंत."

मिस्त्रीने झाकण उलटं केलं. रबर कडक होऊन चिरलं होतं.

"हे माझं नाही, बाई. मी गेल्याच महिन्यात नवं घातलं होतं. जुनं तुमच्या आईंनी मागून नेलं."

भेटी चुकाव्यात म्हणून नवऱ्यानेच काही केलं असेल, हा बाईंचा संशय तिथेच मिटला. बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत, आणि कुलूप शाबूत; किल्लीशिवाय हे जमणारं नव्हतं.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाईंनी झाकण तिच्यापुढे ठेवलं.

"कुकरची रिंग गेली की दाब धरत नाही, तसंच हे. सपाट रस्त्यावर निभावतं, चढावर पाणी उकळून उडतं. धाकट्याने गाडी बाजारात नेली तेव्हा काही झालं नाही, ते म्हणूनच. त्याला तर खटका कुठे तेही माहीत नाही. गाडी अजून एकदाही तापली नव्हती, तेव्हा तू पाण्याचा कॅन ठेवलास. कशासाठी?"

आईने घडी पुरी केली.

"इंजिन जळू नये म्हणून. पोर तिकडे राहिलं तर तुझं दुसरं लग्न जमेल. तुझ्याच भल्याचं केलं."

दर रविवारी हीच आई पाठीवरून हात फिरवत रडली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे, बाईंना वाटलं. खुंटीवरची किल्ली काढून त्यांनी पर्समध्ये टाकली.

पुढच्या रविवारी, नव्या झाकणानिशी, गाडी तक्रार न करता चढ चढली. मुलगा पायरीवर बूट घालून बसला होता.

"मी येणार हे तुला कसं कळलं?"

"आज आजीचा फोन आला नाही."

"कसला फोन?"

"तू येणार नाहीस असा. दर रविवारी मी उठायच्या आधीच येतो."